‘एकदाच काय ते चालू करून टाका’

गिरगावातलं डीटीपीचं दुकान असो, दादरचं सीएचं ऑफिस असो की लालबागच्या मंडळाचं कार्यालय. कॉम्प्युटरने एखादी स्क्रिप्ट अडवली की एकच सल्ला मिळतो : ‘ते परमिशनचं झंझट एकदाच काय ते बंद करून टाका.’ सल्ला देणारा माणूस वाईट नसतो. त्याला संध्याकाळपर्यंत आणखी चार ठिकाणी जायचं असतं. पण हा सल्ला आता इतका अंगवळणी पडलाय की त्याचा समाचार घेणं भाग आहे.

पूर्वपक्षात दम आहे, हे आधी कबूल करू. जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये आणायला डीटीपीवाले मॅक्रो, म्हणजे फाइलीतच भरलेली छोटी स्क्रिप्ट, वापरतात. गणपतीच्या तोंडावर मंडळाचा अहवाल छपाईला द्यायचा असताना कोण अक्षर-अक्षर पुन्हा टाइप करत बसेल? सीएंचं तर विचारूच नका. आयकर विभागाची एक्सेल युटिलिटी मॅक्रोवरच चालते आणि ‘मॅक्रो सुरू करा’ अशी सूचना खुद्द विभागच देतो. जीएसटीच्या ३बी विवरणपत्राच्या ऑफलाइन फाइलचंही तेच. तेव्हा ‘मॅक्रो धोक्याचे, चालवूच नका’ असा उपदेश करणाऱ्याने जुलैअखेरीला दादरच्या ऑफिसात उभं राहून तो करून दाखवावा. स्क्रिप्ट चालवावीच लागते. भांडण त्यावर नाहीच.

भांडण आहे ते एका फाइलसाठी सगळ्यांना वाट मोकळी करण्यावर. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो आपोआप अडवायचं मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०२२मध्ये जाहीर केलं. तक्रारी आल्या तशी जुलैत माघार घेतली आणि त्याच महिन्याअखेरीस अंमलबजावणी पुन्हा सुरू केली. तेव्हापासून युटिलिटी उघडली की वर लाल पट्टी येते. ती घालवायचा नीट मार्ग असा : अधिकृत संकेतस्थळावरून उतरवलेल्या झिप फाइलवर उजवं क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, तळाशी ‘अनब्लॉक’ची चौकट, त्यात खूण, मग ‘ओके’. झिप सोडवायच्या आधी हे केलं की आतल्या फाइलीही सुटतात. चहा निवायच्या आत काम होतं आणि परवानगी त्या एका गठ्ठ्यापुरती राहते. आपला घाईतला मित्र मात्र ‘ट्रस्ट सेंटर’मध्ये जाऊन अख्खा डाउनलोड फोल्डर, पोटफोल्डरांसकट, विश्वासू म्हणून नोंदवून जातो. त्यानंतर ईमेलने आलेलं खोटं बिलही त्याच फोल्डरात उतरतं आणि आयकराच्या फाइलीइतक्याच मानाने उघडतं.

विंडोजमध्ये हुकूम टाइप करायच्या ‘पॉवरशेल’ खिडकीची कथा याच वळणाची. घरच्या विंडोज मशीनवर स्क्रिप्ट फाइली मुळात बंद असतात. लाल अक्षरांत नकार आला की लोक कुठूनतरी एक ओळ उचलून डकवतात आणि धोरण मशीनभर, कायमचं ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करतात, तेही ॲडमिनिस्ट्रेटर होऊन. खरं तर परवानगी ‘प्रोसेस’पुरती घेता येते; खिडकी मिटली की ती संपते. रोजचंच काम असेल तर ‘करंटयूजर’साठी ‘रिमोटसाइन्ड’ ठेवावं. स्वतः लिहिलेली स्क्रिप्ट चालते, बाहेरून उतरवलेलीकडे सही मागितली जाते. दोन्हींना ॲडमिनचा पासवर्ड लागत नाही.

इथे जाणकार हसतो. म्हणतो, ‘अहो, स्क्रिप्टमधला मजकूर कॉपी करून खिडकीत टाकला तरी चालतो. मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगतं की ही सुरक्षेची भिंत नव्हे. मग ठेवायचं कशाला?’ बरोबर आहे. ती कडी आहे, कुलूप नव्हे. पण मे २०००मध्ये जगभर पसरलेल्या ‘आय लव्ह यू’ व्हायरससाठी कुणी कुलूप फोडलं नव्हतं. ती एक साधी स्क्रिप्ट होती. नावाच्या शेवटचं ‘व्हीबीएस’ विंडोज दाखवत नव्हतं, वरवर मजकुराची फाइल वाटायची, आणि लोकांनी प्रेमपत्र समजून स्वतःच्या हाताने उघडली. तिथे कडी असती तर पुष्कळांचं भागलं असतं.

‘माझ्या मशीनमध्ये चोरण्यासारखं आहे काय?’ हा तर सगळ्यांत लाडका युक्तिवाद. तुमचं नसेल, अशिलांची पॅनकार्डं, आधारच्या प्रती, सोसायटीच्या सभासदांची यादी हे सगळं आहे ना? आणि कुणी तुमच्यावर नेम धरायलाच हवा असंही नाही. २७ जून २०१७ला न्हावा-शेवा बंदरातल्या मर्स्क समूहाच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं ते ‘नॉटपेट्या’ या व्हायरसमुळे, आणि तो शिरला होता युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. एका मशीनवर ॲडमिनचे अधिकार मिळाले की तिच्या मेमरीतले पासवर्ड उचलायचे आणि पुढच्या मशीनवर जायचं, ही त्याची एक रीत. परळच्या ज्या ऑफिसात पाचही मशीनवर सगळे ॲडमिन आणि पासवर्ड एकच, तिथे त्याला मेहनतही पडली नसती.

आमच्या बाजूचेही काही लोक फुगवून सांगतात, त्यांनाही टोकायला हवं. ‘ॲडमिनऐवजी साधं, स्टँडर्ड खातं वापरा, निर्धास्त राहा’ हे अर्धसत्य आहे. तुमच्याच खात्यातून चाललेल्या वाईट स्क्रिप्टला तुमचे अहवाल, तुमची विवरणपत्रं कुलूपबंद करायला कुठलाच ॲडमिन लागत नाही. तुम्ही त्या फाइली बदलू शकता म्हणजे तीही बदलू शकते. त्यावर उपाय एकच : काम झाल्यावर वायर काढून ठेवलेल्या डिस्कवरची प्रत. साधं खातं वाचवतं ते बाकीचं. अँटीव्हायरस बंद करणं, विंडोजच्या फाइली बदलणं, शेजारच्या खात्यात शिरणं स्क्रिप्टला अवघड जातं. तेवढ्यासाठीही ते खातं हवंच. (लिनक्सवाल्यांनी फार खूश होऊ नये. फाइल चालेना की ‘chmod 777’ मारून ती सगळ्यांना सताड मोकळी करणारे त्यांच्यातही कमी नाहीत.)

म्हणून माझी मागणी अगदी व्यवहाराची आहे. मशीन दुरुस्त करणाऱ्याने बिलावर पैशांबरोबर हेही लिहावं : कोणती परवानगी दिली, कोणत्या खात्याला, कुठल्या फाइलीसाठी आणि कधीपर्यंत. ‘अख्खा डाउनलोड फोल्डर, सगळ्यांसाठी, कायमचा’ असं स्वतःच्या अक्षरात लिहून खाली सही करायला कोण तयार होतो, ते बघू.