कलौंजीची बाटली डॉक्टरांना दाखवा

घरात कुणाला कॅन्सर निघाला की आठवड्याभरात कलौंजीच्या तेलाची बाटली येते. पाठोपाठ खाला मधासोबत कसल्यातरी कॅप्सूल पाठवतात. व्हॉट्सअॅपवर पोस्टर फिरतं: 'अँटिऑक्सिडंट, साइड इफेक्ट शून्य.' वर हदीसचा हवाला, खाली ऑर्डरसाठी फोन नंबर.

'अँटिऑक्सिडंट' म्हणजे चांगलंच, हे आपण धरूनच चाललो आहोत. पण चांगलं कुणासाठी?

पेशी प्राणवायू वापरते तेव्हा काही फार क्रियाशील रेणू तयार होतात. ते प्रमाणाबाहेर वाढले की डीएनएची मोडतोड होते. रेडिएशन आणि केमोची काही औषधं कॅन्सरच्या पेशीत मुद्दाम हेच घडवतात. बहुतेक पेशी मरतात. मात्र गाठीतल्या मोजक्या मूलपेशी टिकू शकतात, आणि त्यांच्यापासून गाठ पुन्हा उभी राहू शकते. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2009 मध्ये स्तनाच्या कॅन्सरवर काम करताना पाहिलं की काही गाठींमधल्या मूलपेशींत हे घातक रेणू कमी असतात, कारण ग्लुटाथायोनसारख्या अँटिऑक्सिडंटची त्यांची यंत्रणा जोरदार असते. औषधाने ग्लुटाथायोन कमी केल्यावर त्याच पेशी रेडिएशनपुढे कमजोर पडल्या.

म्हणजे ज्या ढालीची जाहिरात आपल्याला केली जाते, ती कॅन्सरकडे आधीच आहे. बाहेरून आणखी पुरवायची का, हा साधा प्रश्न आहे.

फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचा निकाल 1994 मध्ये आला. बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फुफ्फुसाचा कॅन्सर 18 टक्क्यांनी जास्त निघाला. अपेक्षा नेमकी उलट होती. पुढे उंदरांवरच्या प्रयोगांतही व्हिटॅमिन ई दिल्यावर फुफ्फुसाच्या गाठी वेगाने वाढल्या.

फळं, भाज्या, खजूर यांच्याबद्दल हे नाही. कलौंजी नानवर खुशाल राहू द्या. तिने कॅन्सर वाढतो असं मी म्हणत नाही. आक्षेप उपचार चालू असताना डॉक्टरांपासून लपवून दिल्या जाणाऱ्या कॅप्सूलना आहे. 'मग हदीसवर यकीन नाही का?' असं कुणी विचारेलच. यकीन आहे, म्हणूनच कुणी ते पोस्टरवर छापून माल खपवतो तेव्हा मला राग येतो.

बहुतेक घरं डॉक्टर रागावतील म्हणून गप्प बसतात. काही डॉक्टर खरंच झिडकारतात, तेही बरोबर नाही. तरी पुढच्या केमोला जाताना अम्मीच्या फाइलसोबत ती बाटली पिशवीत टाका आणि लेबल डॉक्टरांपुढे धरा.