कुंडातला मासा वाचला, नदीतल्यांचं काय?

संपादक महोदय,

आंबोलीच्या महादेवाच्या देवळाजवळ, हिरण्यकेशीच्या उगमाशी, २०२० साली माशाची एक नवी जात नोंदली गेली. तिचं शास्त्रीय नावच शिस्टुरा हिरण्यकेशी. पुढच्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने तिथली २.११ हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. फार चांगलं झालं. पण मी संकेश्वरच्या बाजूचा, नदीच्या खालच्या अंगाचा माणूस. मला प्रश्न पडतो, उगमाला मिळालेलं संरक्षण वाहत खाली कधी येणार?

हीच नदी आजरा, गडहिंग्लज करत आमच्या बेळगाव जिल्ह्यात येते, घटप्रभेला मिळते आणि पुढे कृष्णेला. या कृष्णाखोऱ्यात नुक्ता नावाचा मासा आहे, नाकाडावर उंचवटा असलेला. कर्नल साइक्स यांनी १८३९ साली त्याची नोंद केली. आज तो जागतिक लाल यादीत धोक्यात आलेल्यांत आहे.

कारणं काही गुपित नाहीत. बंधाऱ्यांत बर्गे घातले की वाहतं पाणी डबक्यासारखं थांबतं, आणि खळखळत्या पाण्यातल्या माशांना ते मानवत नाही. त्यात मळीचं आणि गटारांचं पाणी येतं, वाळू उपसली जाते. वर तिलापिया आणि आफ्रिकन मागूर हे परके मासे. मागूर पाळायला २००० सालापासून बंदी आहे, तरी तो सुटतोच.

एक गोष्ट मात्र आपल्या हातातली आहे. मृगाच्या पहिल्या पुरात मासे अंडी घालायला ओढ्यांतून वर चढतात, आणि नेमके तेव्हाच आपण जाळी-काठ्या घेऊन उभे! चढणीचे मासे चवीला छान, हे कोण नाकारतो? पण पोटात अंडी असलेली एक मासळी म्हणजे पुढच्या सालची अख्खी पिढी. बॅटरीचा करंट आणि ब्लीचिंग पावडर तर बारकं पिल्लूही सोडत नाही.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोकांची नोंदवही असायला हवी. हा कायदा सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखाच लागू आहे. सीमेचा वाद चालायचा तेवढा चालेल. मासा काही आधी राज्य विचारून पोहत नाही. तेव्हा बंधुभगिनींनो, येत्या ग्रामसभेत उठून एवढंच विचारा: आपली नोंदवही कुठं आहे, आणि तिच्यात आपल्या नदीचे किती मासे लिहिलेत? म्हाताऱ्या कोळ्यांना नावं पाठ आहेत, तोवरच ती लिहून घेता येतील.

आपला,
एक वाचक, संकेश्वर परिसर