एक शिवण येणारे हात

वारणा खोऱ्यातील मुलींना तयार कपड्यांच्या उद्योगासाठी कुशल करावयाचे असेल, तर कुशल कोणास म्हणावे हे आधी ठरविले पाहिजे. कारखान्यात एक सदरा अनेक हातांतून जातो. एक कामगार दिवसभर कॉलर जोडते, दुसरी बाही, तिसरी खिसा. वेग वाढतो, पण सबंध सदरा कोणालाच येत नाही. काही आठवड्यांत तयार होणारी कामगार तितक्याच सहजतेने बदलता येते आणि तिची मजुरी किमान वेतनाच्या आसपासच घुटमळते. केंद्र शासनाने 2017 साली मंजूर केलेल्या ‘समर्थ’ योजनेने वस्त्रोद्योगातील प्रशिक्षणाला पैसा मिळवून दिला, हे चांगलेच झाले. मात्र एका यंत्रावरचा वेग म्हणजे कारागिरी नव्हे. माप घेणे, बेतणे, यंत्राची दुरुस्ती आणि नगामागील दराचा हिशेब हे सारे तीत येते.

शालेय गणवेशाचे उदाहरण ताजे आहे. 2024-25 मध्ये महाराष्ट्र शासनाने कापडाचा पुरवठा राज्यपातळीवर केंद्रित केला आणि शिलाई महिला बचतगटांकडे सोपविली. गणवेश उशिरा आले, अनेक मुलांना ते बसेनात आणि बोल शिवणाऱ्या बायांना लागले! कापड कोणते, केव्हा, किती, हे ठरविणे त्यांच्या हाती होतेच कुठे? अखेर डिसेंबर 2024 मध्ये हा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्याचा निर्णय झाला.

वारणानगरला येथेच वाव आहे. तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने 1950 च्या दशकात येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि ऊस पिकविणारा भागधारक झाला. ऊस तोडणारा मात्र बाहेरच राहिला; सहकाराची थोरवी गाताना हे सोयीस्करपणे विसरले जाते. शिवणकामात तीच चूक पुन्हा होऊ नये. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील वर्षभराच्या शिवण अभ्यासक्रमाच्या तोडीचे शिक्षण द्यावे, त्या काळात विद्यावेतन मिळावे, आणि ते पुरे करणारी प्रत्येक मुलगी उत्पादक सहकारी संस्थेची मताधिकारी सभासद व्हावी. कापड याच जिल्ह्यात, इचलकरंजीत विणले जाते. गिऱ्हाईकही दूर नाही: परिसरातील शाळांचे गणवेश आणि वारणा समूहातील कामगारांचे कपडे यांची मागणी दरवर्षीची आहे. जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी येत्या शैक्षणिक वर्षापूर्वी शाळा व्यवस्थापन समित्यांच्या बैठकांत हा ठराव मांडावा आणि शिलाईचा दर शिवणाऱ्या बायांसमक्ष ठरवून घ्यावा.