रेडिओ सगळ्यांचा, आवाज कोणाचा?

सकाळी गाणी, दुपारी हसवणारी नाटिका, संध्याकाळी सामन्याचे धावते वर्णन. आकाशवाणीचा दिवस असा जातो. चहाच्या टपरीपासून रात्रपाळीच्या वॉचमनच्या केबिनपर्यंत आमचा माणूस तो ऐकत आला आहे. करमणूकच ती, तिच्यात जात कशाला शोधता, असे आम्हाला विचारले जाईल. आमचे उत्तर साधे आहे : आम्ही ती तेथे नेऊन ठेवलेली नाही.

गाण्यापासून सुरुवात करू. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. ही परकी पेटी आपल्या रागदारीतील बारीक सूर बिघडवते, हे कारण. १९७१ पर्यंत ती बंदी शिथिल झाली नाही. पेटी काही फक्त बैठकीतल्या गवयांची नव्हती. ती भजनी मंडळांची होती, कलापथकांची होती, आंबेडकरी जलशांची होती. पंडितांच्या सुरांची काळजी वाहिली गेली; पेटी-ढोलकीवर समाज जागा करणाऱ्यांचा विचार कोणी केला?

पुढे केसकर मंत्री असताना, १९५२ नंतर, चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी मुकाट्याने काटा रेडिओ सिलोनकडे फिरवला. शेवटी सरकार नमले आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली. श्रोता हलला की दार उघडते, हा त्यातला धडा आहे.

आता विनोद. रेडिओवरच्या नाटिकांत शुद्ध भाषा बोलतो तो मालक आणि गावाकडची बोली बोलतो तो गडी, हा साचा कोणाला ठाऊक नाही? हसायचे कोणाला, हे बोलीवरूनच ठरते. सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांनी हाच विनोद उलटा फिरवला होता. तेथे भटजी-सावकाराची फजिती व्हायची आणि राबणारा माणूस पोट धरून हसायचा. विनोद आम्हालाही कळतो. फक्त त्याची दिशा कोणती, हे आम्ही विचारतो.

आणि खेळ. १९३० च्या दशकात रेडिओवर क्रिकेटचे वर्णन सुरू झाले, तेव्हा पळवणकर बाळूंची कारकीर्द संपलेली होती. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणारा हा चांभार समाजातील गोलंदाज. पुण्याच्या मैदानावर त्यांच्या चेंडूला सगळ्यांचे हात लागत, चहा मात्र त्यांना पॅव्हेलियनबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. पावसाने खेळ थांबतो, तेव्हा समालोचक जुन्या खेळाडूंच्या आठवणी रंगवतात. त्यात बाळूंचे नाव आपण किती वेळा ऐकले?

यावर भीक मागण्याचे कारण नाही. प्रसार भारती कायदा १९९० चा. १९९७ साली तो अमलात आला. त्याच्या १२ व्या कलमात सामाजिक न्यायाला चालना देणे आणि शोषण, विषमता व अस्पृश्यता यांच्याशी लढणे हे प्रसारकाचे कर्तव्य म्हणून लिहिलेले आहे. त्याच कलमात खेळ आहे, संस्कृतीही आहे. १९९५ साली, क्रिकेटच्याच प्रक्षेपणावरून झालेल्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता असल्याचे सांगितले. मालमत्ता जनतेची असेल, तर हिशेब मागण्याचा हक्कही जनतेचाच.

३ ऑक्टोबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी याच आकाशवाणीवरून आपले जीवनविषयक तत्त्वज्ञान सांगितले. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नसून बुद्धाच्या शिकवणीतून घेतली आहेत, हे त्यांनी साऱ्या देशाला ऐकवले. त्या माध्यमाकडे पाठ फिरवणे आम्हाला परवडणारे नाही.

म्हणून आमचे सांगणे आहे : फर्माइशी पाठवा. केंद्राला पत्र लिहा, एकट्याने नव्हे, वस्तीच्या सह्यांनी. आपल्या गायक मुलामुलींना स्वरचाचणीला पाठवा. वामनदादा कर्डक, विठ्ठल उमप यांची गाणी १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर या दोन दिवसांपुरती मागू नका. एखाद्या साध्या मंगळवारी सकाळी, बाकीच्या गाण्यांच्या रांगेत ती लागली पाहिजेत. त्या दिवशी रेडिओ सगळ्यांचा झाला, असे आम्ही म्हणू.