पोलाद कोणाच्या घरात?

देशात पोलादाचा वापर वाढला पाहिजे, असा घोष सरकार आणि कारखानदार एकसुरात करीत आहेत. २०१७ च्या राष्ट्रीय पोलाद धोरणाने २०३०-३१ पर्यंत ३० कोटी टन उत्पादनक्षमता आणि दरडोई १६० किलो वापर असे लक्ष्य ठरविले. त्या वेळी दरडोई वापर ६० किलोंच्या आसपास होता. जगाची सरासरी २०० किलोंच्या वर. पोलाद अधिक वापरले गेले पाहिजे, याविषयी समाजवाद्यांचा वाद नाही. वाद आहे तो ‘दरडोई’ या शब्दातील लबाडीशी. मुंबईच्या मनोऱ्यात गाडलेले पोलाद आणि शेतमजुराच्या घरात नसलेले पोलाद यांची बेरीज करून दोघांत भागले, की कागदावर दोघेही प्रगत ठरतात!

या अभावाची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे ८,००० माणसे मृत्युमुखी पडली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील माळवदाचा भार झोपलेल्या माणसांवर कोसळला. दारे-खिडक्यांच्या वरून घराभोवती फिरणारी, आत सळया असलेली काँक्रीटची पट्टी अशा भिंतींना एकत्र बांधून ठेवते. तिला लागणारे लोखंड मनोऱ्याच्या एका मजल्याच्या तुलनेत नगण्य आहे. तेवढेही गरिबाच्या वाट्याला आले नव्हते.

आज तरी येते काय? ग्रामीण घरकुलासाठी सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य २०१६ मध्ये ठरले. २०२४ मध्ये केंद्राने योजनेची मुदत वाढविली. रक्कम मात्र तीच ठेवली. मधल्या काळात सळयांचे भाव कोठल्या कोठे गेले! खर्चाचा मेळ बसेना, की गरिबाची पहिली कात्री लागते ती भिंतीत न दिसणाऱ्या लोखंडालाच. मे २०२२ मध्ये भाव रोखण्यासाठी सरकारने पोलादाच्या अनेक प्रकारांवर १५ टक्के निर्यातशुल्क बसविले. कारखानदारांनी ओरड केली आणि नोव्हेंबरात ते उठले. कारखानदाराची हाक सहा महिन्यांत ऐकू येते. घरकुलवाल्याची आठ वर्षांतही येत नाही.

बाजारच सर्व ठरवील, असे सांगणाऱ्यांनी इतिहास आठवावा. भिलाई, राउरकेला, दुर्गापूर हे कारखाने बाजाराने उभारले नाहीत. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत राष्ट्राने ते सार्वजनिक क्षेत्रात उभारले. जे पोलाद राष्ट्राच्या संकल्पातून निर्माण झाले, त्याच्या वाटपाबाबतच राष्ट्राने हात का झटकावेत? सुरजागडच्या डोंगरातून लोहखनिज वाहून जाते आणि त्याच गडचिरोली जिल्ह्यात पावसाळ्यात पुराने गावांचा संपर्क तुटतो. खनिज ज्यांच्या भूमीतले, पूल त्यांना आधी मिळावा, हा साधा न्याय आहे.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. घरकुलाच्या सळया सार्वजनिक कारखान्यांतून तालुक्याच्या गोदामात ठराविक दराने मिळाव्यात. भूकंपप्रवण भागात भिंतींना बांधणाऱ्या पट्टीचा खर्च अनुदानात वेगळा धरावा. नदीनाल्यांवरील साकव आणि गावपुलांना पोलादाच्या वाटपात अग्रक्रम द्यावा. कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत या मागण्यांचे ठराव करून घ्यावेत आणि तहसीलवर मोर्चे न्यावेत. पोलादाचा वापर अवश्य वाढवा; परंतु त्याचे माप मनोऱ्यांच्या उंचीवरून घेऊ नका. शेवटच्या माणसाची भिंत किती भक्कम झाली, यावरून ते घ्या!