जुन्या पेटीत नवे कार्ड

पेढीच्या कोपऱ्यातील लहानसा संगणक वर्षानुवर्षे निमूटपणे टॅली चालवीत असतो. मोठ्या कार्यालयांतून निवृत्त झालेली डेल ऑप्टिप्लेक्स ७०१० सारखी सडपातळ पेटी अनेक व्यापाऱ्यांनी सेकंडहँड बाजारातून स्वस्तात आणलेली असते. पुढे घरातील तरुण पिढी त्याच संगणकावर मालाच्या जाहिरातीचे व्हिडिओ तयार करू लागते. पडदा अडखळतो आणि जेवणाच्या पानावर प्रस्ताव येतो की, याला ग्राफिक्स कार्ड बसवू या.

प्रस्ताव मुळीच वाईट नाही. चालू वस्तू टाकून नवी आणण्यापेक्षा तिचे आयुष्य वाढवणे परिग्रहाला मर्यादा घालणाऱ्या घराला शोभणारेच आहे. परंतु कर्ज देताना जशी कर्जदाराची ऐपत पाहावी लागते, तशी येथे पेटीची ऐपत पाहावी लागते, आणि ती पाहण्याआधीच कार्ड विकत घेतले जाते.

पहिला प्रश्न विजेचा. या लहान ऑप्टिप्लेक्सचा पॉवर सप्लाय अवघा २४० वॅटचा असतो आणि त्यात कार्डासाठी वेगळी वायर नसते. मदरबोर्डवरील लांब खाचेतून कार्डाला नियमाप्रमाणे फार तर ७५ वॅट मिळू शकतात. काही लहान पेट्यांत निर्मात्याने ही मर्यादा आणखी खाली ठेवलेली असते. तो आकडा निर्मात्याच्या पुस्तिकेत पाहावा, दुकानदाराच्या आश्वासनावर विसंबू नये. कार्ड अर्ध्या उंचीचे, म्हणजे ‘लो प्रोफाइल’च हवे, त्याची जाडीही शेजारच्या जागेशी ताडून पाहावी.

या चौकटीत बसणारी नावे मोजकीच आहेत. एनव्हिडियाचे जीटी १०३० सुमारे ३० वॅटवर चालते. मात्र याच नावाने दोन वेगळे प्रकार विकले गेले. डीडीआर४ मेमरीच्या प्रकाराचा वेग जीडीडीआर५ च्या प्रकारापेक्षा पुष्कळच कमी आहे. खोक्यावरचे नाव एकच असल्याने गिऱ्हाईक फसते. कापडाच्या व्यापाऱ्याला एका नावाचे दोन पोत नवे नाहीत, पण येथे बोटाने चाचपून पाहता येत नाही. एएमडीचे आरएक्स ६४०० सुमारे ५३ वॅटचे आणि ताकदीने बरेच वरचे. तथापि ते मदरबोर्डशी चारच मार्गिकांनी बोलते, त्यामुळे जुन्या पिढीच्या मदरबोर्डवर त्याची काही शक्ती वाया जाते.

खरी मेख पुढेच आहे. तयार व्हिडिओ अंतिम रूपात साठवण्याचे, म्हणजे एन्कोडिंगचे काम जलद करणारी यंत्रणा या दोन्ही कार्डांत नाही. ज्या कामासाठी पैसे घातले तेच काम बहुतांशी प्रोसेसरवर पडते. जीटीएक्स १६५० मध्ये ती यंत्रणा आहे आणि त्याचे लो प्रोफाइल प्रकारही निघाले. पण ते पूर्ण ७५ वॅट मागते, आणि लहान पेटीला नेमके तेच झेपत नाही. शिवाय या तिन्ही कार्डांना जुन्या मॉनिटरची व्हीजीए केबल थेट लागत नाही. कन्व्हर्टर किंवा नवा मॉनिटर, हा खर्च अंदाजात कोणी धरत नाही.

अडखळण्याचे कारण पुष्कळदा निराळेच असते. संगणकात चार जीबी रॅम आणि फिरती हार्ड डिस्क असेल, तर आधी एसएसडी आणि रॅम वाढवावी. तेवढ्याने टॅलीही चपळ होते आणि कार्डाची गरज उरली की नाही, हेही कळते.

हिशेबाच्या दृष्टीने क्षमता वाढवणारे कार्ड हा किरकोळ दुरुस्तीखर्च नव्हे, भांडवली खर्च आहे. संगणकाच्या गटात त्यावर ४० टक्के घसारा मिळतो. बिल पेढीच्या जीएसटी क्रमांकावर घेतले आणि वापर धंद्यासाठीच असला, तर भरलेल्या १८ टक्के कराचे क्रेडिटही घेता येते. मुलांच्या खेळासाठी घेतलेले कार्ड पेढीच्या खात्यात घालू नये, हे सांगावे लागते याचे वाईट वाटते.

आणखी एक गोष्ट टाळता येणार नाही. विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, आणि या वयाचे प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. कार्ड कितीही नवे असले तरी ही उणीव ते भरून काढत नाही. ज्या पेटीवर नेट बँकिंग चालते तिच्यात पैसे घालण्याऐवजी बँकेचे व्यवहार दुसऱ्या यंत्रावर न्यावेत आणि जुनी पेटी व्हिडिओच्या कामाला मोकळी करावी, हे अधिक शहाणपणाचे.

एवढे करूनही कार्ड बसवायचेच ठरले, तर महिन्याच्या २० तारखेच्या आसपास, जीएसटीचे विवरणपत्र भरण्याच्या गडबडीत, पेटी उघडू नये. आदल्या रात्री टॅलीचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्यावा आणि तो दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावा. सकाळी प्लग काढून, धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज घालवावी, मगच झाकण उघडावे. पडदा काळाच राहिला तर जुने बायोस नव्या कार्डाला ओळखत नसण्याचा संभव असतो. अशा वेळी कार्ड काढले की पेटी पूर्ववत सुरू होते. म्हणून बिल आणि खोके आठवडाभर तरी जपून ठेवावे, आणि परत घेण्याची अट दुकानदाराकडून बिलावरच लिहून घ्यावी.