काढून टाकलेला पहारेकरी

चामुंडी टेकडीच्या चढावर आमच्या मारुतीचा तापमानाचा काटा वर सरकायला लागला, ते आधी आईच्या लक्षात आलं. मी वळणं बघत होतो. "अरे, हा लाल रेघेकडं चाललाय तो काटा कसला?" असं तिनं विचारलं, तेव्हा कुठं माझी नजर खाली गेली. बावीस-तेवीस वर्षांच्या नोकरीत ड्रायव्हरांना 'गेजवर लक्ष ठेव' म्हणून मी किती वेळा झापलं असेल याचा हिशेब नाही.

गाडी १९९७ ची मारुती ८००, एमएच ११ पासिंगची, आप्पांची. आप्पा गेल्यावर ती माझ्याकडे आली आणि तेव्हापासून माझ्याबरोबर बदल्या भोगते आहे. सध्या मी मैसुरूला एनसीसीत आहे. दर बदलीला आरटीओचे कागद करण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात नवी गाडी घेऊन होईल, असं घरी ऐकावं लागतं. पण गाडी विकायचा विषय आईसमोर कोणी काढत नाही.

त्या चढावर मी हीटर पूर्ण उघडला आणि त्याचा पंखा लावला. मैसुरात हीटर म्हटल्यावर आई माझ्याकडे बघतच राहिली. हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच असतो. इंजिनातली थोडी उष्णता तो केबिनमध्ये ओततो. प्रवासी भाजतात, पण तेवढ्यात सुरक्षित जागा गाठता येते. नंदीकडे जाणाऱ्या फाट्याजवळ रुंद जागा मिळाली तिथं गाडी घेतली. इंजिन बंद करण्याआधी बॉनेट उघडून फडक्यानं दोन्ही होज पाइप चाचपले. वरचा कडकडीत तापलेला आणि दगडासारखा घट्ट, खालचा जेमतेम कोमट. रेडिएटरचा पंखा फिरत नव्हता. मग इंजिन बंद केलं. झाकणाला हात लावला नाही. लेफ्टनंट असताना एका ड्रायव्हरनं जिप्सीचं तापलेलं झाकण उघडलेलं मी पाहिलंय. त्याच्या हातावरची कातडी नंतर बरेच दिवस डोळ्यांसमोर होती.

पाऊण तास आईला कठड्यावर बसवून ठेवलं. येणारे-जाणारे थांबत होते आणि प्रत्येकाचा सल्ला एकच: "थर्मोस्टॅट काढून टाका, सर. आपल्या हवेत लागतच नाही."

या एका वाक्याबद्दल मला लिहायचं आहे. साताऱ्यापासून मैसुरूपर्यंत आणि जम्मूपासून जोरहाटपर्यंत प्रत्येक गॅरेजमध्ये मी ते ऐकलं आहे, आणि मला ते पूर्ण चूक वाटतं.

थर्मोस्टॅट म्हणजे मेणाच्या गोळीवर चालणारी एक झडप. इंजिन गार असताना ती बंद राहते. पाणी इंजिनातच फिरतं आणि लवकर तापतं. साधारण ८२ अंशांना मेण वितळून फुगतं, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जातं. झडप बंद अवस्थेत अडकली तर गाडी तापते, हे खरं. म्हणून मेकॅनिक ती काढून फेकतो, काटा खाली येतो, गिऱ्हाईक खूश होतं. पण आता इंजिन सपाटीवर नेहमीच हवं त्यापेक्षा गार चालतं. पेट्रोल जास्त पितं, भाग जास्त झिजतात. त्याहून वाईट म्हणजे रेडिएटर हळूहळू तुंबत असेल तर ते कळतच नाही. पाणी सतत रेडिएटरमधून फिरत असल्यामुळे अर्धमेला रेडिएटरही रोजच्या बाजारहाटीचं काम निभावून नेतो. तो उघडा पडतो एकदम, चार माणसं बसवून दुसऱ्या गिअरमध्ये लांब चढ चढताना. पहारेकरी रात्री ओरडतो म्हणून झोपमोड होते, तेव्हा त्यालाच ड्यूटीवरून काढायचं, असा हा प्रकार.

माझा अंदाज मात्र थर्मोस्टॅट अडकल्याचाच होता. खालचा पाइप थंड, म्हणजे झडप बंद. यादवगिरीकडच्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गाडी नेली. तरुणपणी ते आयडियल जावाच्या कारखान्यात होते, १९९६ ला तो बंद पडेपर्यंत. "उस गाडी में पानीच नहीं था सर, हवा से ठंडा," म्हणून हसले. मी माझं निदान सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि दोन बोल्ट काढून थर्मोस्टॅटचं घर माझ्यासमोर उघडलं. आत काहीच नव्हतं. झडप कोणीतरी कधीच काढून टाकली होती.

मग पाइप थंड का? कारण पाणी रेडिएटरमधून पुढे जातच नव्हतं.

मिस्त्रींची पद्धत मला आवडली. पहिला प्रश्न, "पानी किधर जारा?" गळतंय, जळतंय की तुंबलंय? गार इंजिनवर झाकण उघडून इंजिन सुरू केलं आणि रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे सतत येतात का ते बघितलं. येत नव्हते. ऑइलची काडी काढली. ऑइल दुधाळ नव्हतं. म्हणजे हेड गॅस्केट शाबूत. तिथं माझा जीव भांड्यात पडला, कारण या तीन सिलिंडरच्या ७९६ सीसी इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं आहे, एकदा वाकलं की खर्च गाडीच्या किमतीला भिडतो. मग पंख्याच्या थर्मोस्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडल्या. पंखा गप्प. जोडणी हिरवी पडून सडली होती. शेवटी रेडिएटर उतरवला, टाकीचा डाख सोडवला आणि नळ्या दाखवल्या. निम्म्याअधिक नळ्या पांढऱ्या क्षारानं बुजलेल्या. हा क्षार बोअरच्या पाण्याचा, आणि ते पाणी कोणी घातलं याचा तपास करावा लागला नाही.

गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात आप्पांची वही आहे. तारीख, किलोमीटर, पेट्रोल किती, पाणी किती, सगळं शाळामास्तरी अक्षरात. त्या रात्री मी ती पहिल्यांदा नीट वाचली. २०११ च्या मे महिन्यात नोंद आहे: 'खंबाटकीला तापली. मेकॅनिकने व्हॉल्व्ह काढला. आता तापत नाही.' त्यानंतर पाण्याच्या नोंदी वाढत गेलेल्या दिसतात. महिन्याला एक तांब्या, मग दोन. पुढे वही थांबते. आप्पा गेले आणि गाडी माझ्याकडे आली. मीही दर काही दिवसांनी तांब्याभर पाणी ओततच होतो, पण लिहीत नव्हतो. युनिटमध्ये मी कार डायरी अपुरी असेल तर गाडी गेटबाहेर सोडत नाही. रोजची फर्स्ट परेड झाल्याशिवाय स्टॅलियनची चावी मिळत नाही. आणि घरच्या गाडीचं पाणी कुठं जातंय हे विचारायला मला काही वर्षं लागली. आप्पांना मेकॅनिकनं फसवलं म्हणावं, तर मला कोणी फसवलं?

पाणी मुरत होतं ते झाकणातून. रेडिएटरचं झाकण नुसतं झाकण नसतं. आतली स्प्रिंग पाण्यावर दाब ठेवते आणि उकळण्याचा बिंदू साधारण २० अंशांनी वर नेते. खारदुंग ला इतक्या उंचीवर उघड्या भांड्यातलं पाणी ८२-८३ अंशांनाच उकळतं, म्हणजे थर्मोस्टॅट उघडायच्या सुमारालाच. तिथं गाड्या चालतात त्या या दाबाच्या जोरावर. आमच्या झाकणाचं रबर वाळून चिरलं होतं. पाणी वाफ होऊन जात राहिलं, मी बोअरचं भरत राहिलो, क्षार मागे राहत गेला. आणखी एक गोष्ट जुन्या गाडीवाल्यांनी लक्षात ठेवावी: पाणी फारच खाली गेलं तर काट्याचा सेन्सर कोरडा पडतो आणि इंजिन भाजत असताना काटा खाली येऊ शकतो. वर चढून अचानक उतरलेला काटा दिसला तर हायसं न वाटता गाडी थांबवावी.

रेडिएटरच्या नळ्यांतून सळी फिरवून त्या साफ केल्या, टाकीला पुन्हा डाख दिला. नवा थर्मोस्टॅट, नवं झाकण, दोन्ही होज, पंख्याची जोडणी. कूलंट डिस्टिल्ड पाण्यात मिसळून भरलं आणि हवा निघेपर्यंत इंजिन चालू ठेवलं. थर्मोस्टॅट बसवण्याआधी मिस्त्रींनी तो पातेल्यात पाणी उकळून त्यात टाकून दाखवला. झडप हळूहळू उघडली. मी त्यांना विचारलं, इतकी गिऱ्हाइकं काढून टाका म्हणतात, तुम्ही काय करता? म्हणाले, नवा बसवून देतो आणि काढला म्हणून सांगतो.

तीन आठवड्यांनी पुन्हा टेकडी चढलो. काटा मध्याच्या किंचित खाली जाऊन थांबला तो हललाच नाही. वर पार्किंगमध्ये गाडी उभी केली, इंजिन अजून चालू होतं, आणि बॉनेटखाली एकदम घरघर सुरू झाली. आई दचकली. "हा आवाज कसला? पूर्वी कधी येत नव्हता."

पंखा होता.